करुणेस शास्त्राची जोड : विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाची वाटचाल

पंडित सुखलालजी संघवी यांचे नाव आपल्या समाजातील बहुतेक घरांत परिचित आहे. सौराष्ट्रातील लिमली या खेड्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली. गावात येणाऱ्या साधु-साध्वींच्या मुखातून जे ऐकावयास मिळेल ते कंठस्थ करीत त्यांनी ज्ञानार्जन चालू ठेवले. पुढे काशीस जाऊन संस्कृत भाषेचे व दर्शनशास्त्रांचे अध्ययन केले आणि अखेर बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापकाचे पद भूषविले. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

हे चरित्र आपण प्रेरणादायी म्हणून वाचतो आणि ते तसे आहेच. परंतु त्यास एक दुसरी बाजूही आहे. ज्या काळात या तरुणाची दृष्टी गेली, त्या काळात साऱ्या हिंदुस्थानात अंधांच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. अंध मुलास कसे शिकवावे याचे शिक्षण घेतलेला मनुष्य खेड्यातच काय, जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडला नसता. असामान्य बुद्धीच्या जोरावर सुखलालजींनी आपली वाट स्वतः काढली. त्याच पिढीतील इतर अंध मुलांचे काय झाले? बहुतेकांची आयुष्ये घराच्या ओसरीवर बसून गेली. त्यांच्याविषयी कोणास दया नव्हती असे नाही. दया होती, अन्न-वस्त्रही मिळत होते. नव्हता तो केवळ त्यांना शिकवू शकणारा शिक्षक.

हा शिक्षक पुढे कसा निर्माण झाला, धर्मादाय संस्थेच्या खोलीतून निघून तो विद्यापीठाच्या वर्गात कसा पोहोचला, आणि आज त्याच्या प्रशिक्षणाची स्थिती काय आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

युरोपातील आरंभ

या विद्येचा आरंभ अठराव्या शतकात पॅरिस शहरात झाला असे मानले जाते. आबे द लेपे या धर्मगुरूने तेथे कर्णबधिर मुलांची शाळा चालविली व हातांच्या खुणांतून भाषा शिकविण्याची पद्धत विकसित केली. १७८० च्या दशकात व्हॅलेंतिन हाय यांनी त्याच शहरात अंध मुलांची शाळा उघडली. त्याच शाळेत पुढे लुई ब्रेल शिकला, आणि वयाच्या विसाव्या वर्षी, १८२९ साली, सहा टिंबांची आपली लिपी त्याने प्रसिद्ध केली. त्याच सुमाराचा, म्हणजे १८०० सालानंतरचा, तिसरा प्रयोग झां इतार या वैद्याचा. रानात सापडलेल्या व भाषा न येणाऱ्या एका मुलास त्यांनी अनेक वर्षे शिकविले. तो मुलगा बोलावयास शिकला नाही. पण ज्ञानेंद्रियांना क्रमाक्रमाने शिक्षण देता येते, हे त्या प्रयत्नातून सिद्ध झाले. एदुआर सेगँ या त्यांच्या शिष्याने तीच पद्धत बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मुलांसाठी विस्ताराने मांडली.

येथे महाराष्ट्रातील वाचकांस जवळचा असा एक दुवा सांगितला पाहिजे. इतार व सेगँ यांच्या ग्रंथांचा कसून अभ्यास करणारी एक तरुण डॉक्टर १९०० साली रोम येथे अशा मुलांच्या शिक्षकांना शिकविणाऱ्या संस्थेत काम करीत होती. तिचे नाव मारिया माँटेसरी. विशेष मुलांसाठी तयार केलेली साधने सर्वसाधारण मुलांनाही उपयोगी पडतात, हे तिच्या ध्यानात आले व त्यातून माँटेसरी पद्धतीचा जन्म झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ज्या बालवाड्या उभ्या केल्या, त्यांच्या पद्धतीचे एक मूळ असे विशेष शिक्षणात आहे. विशेष शिक्षण ही मुख्य प्रवाहाच्या काठावरची क्षुल्लक शाखा आहे, असा समज असणाऱ्यांनी हा इतिहास आवर्जून लक्षात ठेवावा.

त्या काळी शिक्षक मात्र शाळेतच तयार होत असत. जुन्या शिक्षकाजवळ बसावे, त्याचे पाहावे, हाताखाली काम करावे आणि शिकावे, अशी ती परंपरा होती. विद्यापीठाने हे काम स्वीकारण्यास बराच काळ जावा लागला. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९१९ साली कर्णबधिरांच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला व आयरीन गोल्डसॅक या अनुभवी शिक्षिकेची तेथे नेमणूक झाली. हा विभाग उभा राहिला तो एका दानशूर गृहस्थाच्या देणगीतून. तोवर दाते शाळांना देणगी देत असत. या दात्याने शिक्षक घडविणाऱ्या अध्यासनास देणगी दिली. या फरकाचा विचार लेखाच्या अखेरीस पुन्हा करावयाचा आहे.

हिंदुस्थानातील पहिल्या शाळा

आपल्या देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी सुरू केली; ती पुढे डेहराडूनजवळ हलविण्यात आली. १८९३ साली कलकत्त्यास कर्णबधिरांची शाळा स्थापन झाली. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून नावारूपास आली. १९०२ साली ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली.

या शाळांना जागा मिळाली, देणग्या मिळाल्या, हळूहळू विद्यार्थीही मिळाले. अडचण होती ती शिक्षकांची. कलकत्त्याच्या शाळेचे यामिनीनाथ बॅनर्जी यांना या विद्येसाठी सातासमुद्रापार जावे लागले. १८९० च्या दशकात ते इंग्लंडला व तेथून अमेरिकेला गेले आणि वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालयात त्यांनी कर्णबधिरांच्या शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले. त्या काळचा बोटीचा प्रवास व त्याचा खर्च ध्यानात घेतला, म्हणजे देशात अशा प्रशिक्षणाची सोय नसण्याची किंमत काय होती, हे कळून येते.

बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांकडे समाजाचे लक्ष त्याहूनही उशिरा गेले. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. तिचेच पुढे शिवडी येथील जय वकील संस्थेत रूपांतर झाले. पुण्यात १९६४ साली कामायनी ही संस्था निघाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी मुंबईत केंद्र सुरू केले. त्यांची स्वतःची कन्याही याच व्याधीने बाधित होती. या शाखेत आई-वडीलच आधी संस्थापक झाले व मग शिक्षक, ही गोष्ट वारंवार आढळते. जे काम समाजाने संघटितपणे करावयास हवे होते, ते व्यथित मातापित्यांनी एकट्याने आरंभिले.

लिपीचे एकीकरण आणि शासनाचा सहभाग

शिक्षकांचे प्रशिक्षण एकसारखे होण्यासाठी शिकविण्याचे साधन एक असावे लागते. स्वातंत्र्यापूर्वी देशात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. एका शाळेतील शिक्षकाचे ज्ञान दुसऱ्या प्रांतात निरुपयोगी ठरे. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली व हा अडथळा दूर झाला. आज मराठी, गुजराती वा हिंदी यांपैकी कोणत्याही भाषेतील ‘क’ टिंबांत एकच आहे. पुढल्याच वर्षी, १९५२ साली, अंधांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेची मुंबईत स्थापना झाली. साठच्या दशकात अंधांच्या शिक्षकांसाठी प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रेही निघाली.

१९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा, असे स्पष्टपणे सांगितले. १९७४ साली अशा मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याची केंद्रीय योजनाही आली. प्रत्यक्षात मात्र विशेष शाळा प्रामुख्याने समाजकल्याण खात्याच्या अखत्यारीत राहिल्या. त्यामुळे विशेष शिक्षकाकडे समाज दीर्घकाळ शिक्षक म्हणून पाहत नसे. ‘सेवा करणारी भली बाई’ किंवा ‘सेवाभावी गृहस्थ’ अशीच त्याची ओळख राहिली. सेवाभाव हा गुण थोरच आहे. पण वैद्य सेवाभावी आहे म्हणून त्याने वैद्यक न शिकता औषध द्यावे, असे आपण म्हणत नाही.

हे चित्र पालटण्यास ऐंशीच्या दशकात खरा वेग आला. डेहराडून येथे दृष्टिहीनांसाठी, सिकंदराबाद येथे बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी आणि मुंबईत वांद्रे येथे कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. वांद्र्याची संस्था १९८३ साली स्थापन झाली व महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. याच सुमारास विद्यापीठांची दारेही उघडू लागली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या, म्हणजेच आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने, मुंबईत विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग चालविला आणि पदवी व पदव्युत्तर स्तरावर या विषयाचे शिक्षक घडविले. विधवांना व मुलींना शिकवावे की नाही, हा वाद ज्या परंपरेने जिंकला, तिनेच पुढे या उपेक्षित मुलांच्या शिक्षकांना पदवीचा मान द्यावा, हे उचितच झाले.

कायद्याचे अधिष्ठान

१९८६ साली भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापना झाली. १९९२ साली संसदेने तिच्यासाठी कायदा केला व १९९३ च्या जूनमध्ये तिला वैधानिक दर्जा लाभला. विशेष शिक्षकाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा टप्पा होय. कोणता अभ्यासक्रम मान्य, तो कोणत्या संस्थेने चालवावा, त्यात काय शिकवावे, हे ही परिषद ठरविते. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याचे नाव केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत दाखल होते. या नोंदणीविना व्यवसाय करणे हा एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविण्यात आला.

डॉक्टर वा वकील यांच्याप्रमाणे विशेष शिक्षकालाही नोंदणी असावी, यामागे अनुभव होता. अप्रशिक्षित माणसाच्या हातून, मनात कितीही प्रेम असले तरी, मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. ज्या वयात भाषा सहज येते ते वय कर्णबधिर बालकाच्या हातून एकदा निसटले, की पुढे दुप्पट श्रम करूनही ती उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

प्रशिक्षणात नेमके काय शिकवितात?

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, की या कामास धीर व माया असली म्हणजे पुरे. प्रशिक्षणाच्या काही अंगांचा परिचय करून घेतला, तर हा समज सहज दूर होईल.

अंध मुलांच्या शिक्षकास ब्रेल बोटांनी व डोळ्यांनी दोन्ही प्रकारे वाचता यावी लागते. पाटी व टोच्याने ती लिहिताना कागद मागील बाजूने टोचला जातो. म्हणून उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्याप्रमाणे उलटे लिहावे लागते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. भारती ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. जोडाक्षराची खूण तर अक्षराच्या आधी द्यावी लागते. हे स्वतःच्या हातात मुरल्याशिवाय मुलास शिकविता येत नाही. त्याबरोबरच पांढऱ्या काठीने रस्ता कसा ओळखावा, आवाजावरून दिशा कशी ठरवावी, हेही शिकवावे लागते. त्यासाठी प्रशिक्षणार्थी स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून चालण्याचा सराव करतात.

कर्णबधिरांच्या शिक्षकास श्रवणचाचणीचा आलेख वाचावा लागतो. एखादे मूल ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकते, पण ‘स’, ‘श’ यांसारखे उंच पट्टीचे ध्वनी त्याच्या कानी पडतच नाहीत. घरातील माणसांस वाटते, मूल ऐकते आहे, मुद्दाम दुर्लक्ष करते आहे. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्यासही मर्यादा आहेत. ‘पान’, ‘बाण’ व ‘मान’ हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांवर ते जवळजवळ एकच दिसतात. मूल चुकते ते येथे. ही चूक कोठून येते हे ज्यास ठाऊक, तोच ती सुधारू शकतो. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी केवळ वाणीने शिकविण्याचा आग्रह धरला व त्याचा परिणाम जगभरच्या शाळांवर अनेक दशके राहिला. आता भारतीय सांकेतिक भाषेस पुन्हा मान मिळू लागला असून तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा शिक्षक कामाची फोड करावयास शिकतो. सदऱ्याचे बटण लावणे ही आपणांस एक क्रिया वाटते. त्याच्या दृष्टीने ती काठ धरणे, बटण चिमटीत घेणे, काज शोधणे, बटण आत सारणे, दुसऱ्या बाजूने ओढणे अशी अनेक पायऱ्यांची मालिका असते. मूल कोणत्या पायरीवर अडते हे शोधून तेथूनच शिकविणे सुरू होते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शैक्षणिक आराखडा तयार करणे, त्यात पालकांना सहभागी करून घेणे व ठराविक काळाने प्रगती तपासणे, हा या प्रशिक्षणाचा कणाच आहे. अध्ययन अक्षमता असलेले मूल तर बुद्धीने उत्तम असूनही वाचनात अडखळते. कित्येक पिढ्यांत अशा मुलांवर ‘मठ्ठ’ किंवा ‘आळशी’ असा शिक्का बसला व छडीचा मार बसला. त्यांतील किती जण पुढे शिकू शकले असते, याचा हिशेब आता कोणीच देऊ शकणार नाही.

बदलते शब्द, बदलते अभ्यासक्रम

जुन्या संस्थांच्या नावांत ‘मूकबधिर’, ‘मतिमंद’, ‘अपंग’ असे शब्द आढळतात. पुढे ते बदलत गेले. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे नावही बदलून त्यात बौद्धिक दिव्यांगजनांच्या सक्षमीकरणाचा उल्लेख आला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस मानले, त्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचाही समावेश झाला. ज्यास नाव नव्हते त्यास नाव मिळाले, आणि नाव मिळाले म्हणून त्याच्यासाठी शिक्षक तयार करण्याची जबाबदारीही आली. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा व त्यातील २०१२ ची दुरुस्ती यांमुळे हे मूल दयेचा विषय न राहता हक्काचा धनी झाले.

अभ्यासक्रमही त्यानुसार बदलले. बारावीनंतरची विशेष शिक्षणातील पदविका व पदवीनंतरचे विशेष शिक्षणातील बी.एड. हे दोन राजमार्ग राहिले. पुढे एम.एड. व संशोधनाची वाट होती. बी.एड. करताना दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता अशा शाखांपैकी एकीची निवड करावी लागे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रदेशातील भोज मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनी परिषदेच्या सहकार्याने दूरशिक्षणातून हे प्रशिक्षण खेड्यापाड्यांतील शिक्षकांपर्यंत नेले. २०१५ पासून एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यानंतर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून, जानेवारी २०२४ मध्ये परिषदेने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाऐवजी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणण्याचे परिपत्रक काढले. असे बदल वारंवार होत असल्याने, प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने त्या वर्षीची परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहूनच निर्णय घ्यावा. मान्यता नसलेल्या ठिकाणी पैसे व वर्षे गमावल्यास नोंदणी होत नाही.

शिक्षक किती हवेत याचेही उत्तर आता न्यायालयाने दिले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला. कायदा आहे, निकाल आहे, विभाग आहे. तरीही आपल्या गावातील शाळेत चौकशी करावी : येथे विशेष शिक्षक आहे काय? बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर आपण जाणतोच.

आपले कर्तव्य

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना पुढचाही विचार व्हावा, म्हणून एक विनम्र सूचना करावीशी वाटते. शाळेस खोली बांधून देणे, पंखे, बाके वा गणवेश देणे, हे दान आपल्या समाजास नवे नाही. परंतु खोलीत शिकविणारा नसेल तर ती खोली रिकामीच राहते. मँचेस्टरच्या त्या दात्याने शंभर वर्षांपूर्वी हे ओळखले होते. विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या एका तरुणाचे वा तरुणीचे शुल्क आपण भरले, तर त्या दानाचे फळ पुढील तीस वर्षे, दरवर्षी नव्या मुलांच्या रूपाने मिळत राहील.

त्याहून मोठी अपेक्षा आहे ती पालकांकडून. आपली मुले सनदी लेखापाल, अभियंता, व्यापारी व्हावीत अशी इच्छा आपण बाळगतो, त्यात गैर काही नाही. मात्र एखाद्या मुलीने वा मुलाने ‘मला विशेष शिक्षक व्हावयाचे आहे’ असे म्हटले, तर ‘त्यात काय आहे?’ असा प्रश्न आपल्या तोंडून येऊ नये. त्यात ब्रेल आहे, श्रवणशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, आणि एका मुलाचे सारे आयुष्य आहे.

पंडित सुखलालजी कोणीही वाट बांधून न देता ज्ञानापर्यंत पोहोचले. ते पोहोचले म्हणून वाटेची गरज नाही, असे मानणे ही त्यांच्या स्मृतीची उपेक्षा ठरेल. ज्याच्या अंगी तेवढे बळ नाही, अशा सामान्य अंध, कर्णबधिर वा मंदगती मुलासाठीच वाट बांधावयाची असते. आणि ती बांधणारा कारागीर म्हणजे हा प्रशिक्षित शिक्षक. त्याला घडविण्याच्या कामी आपला हातभार लागो, हीच या प्रसंगी प्रार्थना.